झिलईदाराची डावी बाजू

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण सांगणाऱ्याची मोजदाद शंभरापाशी अडखळते. एवढंच धरून चला, की आज घरभर सगळ्यांना शिस्त लावत हिंडणारे तुमचे आजोबा तेव्हा जन्मले नव्हते, त्यामुळे जगात बरीच शांतता होती.

तेव्हा एका राज्यात एक राजा होता. राजा चांगला होता, आणि त्याच्या मिशा त्याच्याहूनही चांगल्या होत्या. राजाकडे शिसवी लाकडाचा एक रथ होता. त्या रथाची चकाकी राखायला एक माणूस नेमलेला होता, त्याला सगळे झिलईदार म्हणत. काम एवढंच, की रथ धुवायचा, त्याला मेण लावून पुसायचा, आणि रथशाळेची पितळी किल्ली कंबरेला लटकवून गावातून हिंडायचं. यातलं शेवटचं काम तो फार मन लावून करी.

किल्ली मूळची त्याच्या सासऱ्यांची. चाळीस वर्षं तो रथ त्यांनी सांभाळला. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून किल्ली जावयाकडे आली. बायको आणि किल्ली त्याला एकाच मांडवात मिळाली होती. सासरे पुढे देवाघरी गेले आणि सासूबाई लेकीकडे राहायला आल्या. त्या मात्र मांडवात ठरल्या नव्हत्या, असं झिलईदार मित्रांना सांगे. अर्थात घरापासून पुरेसं लांब जाऊन.

आता रथाच्या चकाकीचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. तेही ऐका. शेजारी दुसरं राज्य होतं, मध्ये नदी, नदीवर बंधारा. बंधाऱ्याच्या पाण्याची पहिली पाळी कुणाची, यावरून दोघांचे आजे सात वर्षं लढले. शेवटी दोन्हीकडची माणसं दमली आणि एक नियम ठरला. दर वर्षी सुगी संपली की दोन्ही राजांनी आपापल्या रथातून सीमेवरच्या दगडापाशी यायचं. रथ समोरासमोर उभे करायचे; उजव्या बाजू पुढे करायची नुसती रीत पडली होती. समोर आलेल्या बाजूवरून कोरड्या फडक्याचा एकच हात फिरवायचा, दुसरा नाही. मग प्रत्येक राजाने समोरच्याच्या रथात आपलं तोंड पाहायचं. ज्याच्या रथात पाहुण्याचं तोंड जास्त स्वच्छ दिसेल, पाण्याची पहिली पाळी त्याच्या राज्याची. राजांनी खोटं बोलायचं नाही, असाही एक नियम होता. त्या काळी तो पाळत.

तर हा झिलईदार लागोपाठ तीन वर्षं हरला होता.

गंमत अशी, की निघताना तो कधीच हरत नसे. राजवाड्याच्या दारात रथ उभा राहिला की राजा पायऱ्या उतरून येई आणि रथाच्या उजव्या फळीत पाहून मिशीला पीळ देई. मिशीचा केस न् केस फळीत दिसे. गाव टाळ्या वाजवी. तिळाचं तेल चोपडून आणलेली ती चमक होती. डोळे दिपवायला चांगली. टाळ्या ऐकताना झिलईदाराला आपण दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटे.

पण सीमा होती तीन दिवसांच्या वाटेवर, आणि वाट होती लाल मातीची. तिसऱ्या दिवशी रथ दगडापाशी पोचे तेव्हा पिठात घोळलेल्या उंड्यासारखा दिसे. झिलईदार म्हणे, वाटच वाईट. पुढच्या वर्षी म्हणाला, घोडे पाय फार उचलतात. तिसऱ्या वर्षी त्याने वाऱ्याला बोल लावला. वाऱ्याने काही उत्तर दिलं नाही, म्हणून त्याला आपलंच खरं वाटलं.

चौथ्या वर्षी राजाने त्याला बोलावून घेतलं. राजा चिडला नव्हता. त्याने शांतपणे सांगितलं, "यंदा समोरच्याला आपल्या रथात त्याचं तोंड दिसलं नाही, तर किल्ली तिथेच दगडावर ठेवायची. राग नाही, शिक्षा नाही. फक्त किल्ली."

त्या दिवसापासून झिलईदार चालताना कंबरेशी हात धरून चालू लागला. किल्ली नसेल तर बाजारात आपल्याला कोण रामराम करील, याचा तो विचार करी आणि त्याला घाम फुटे.

अशा घाबऱ्या माणसाला व्यापारी तीन कोसांवरून ओळखतो. एक आलाच. त्याच्याकडे सोनेरी डबी होती आणि डबीत सात समुद्रांपलीकडचं मेण होतं. निदान तो तरी तसं म्हणत होता. मेण मऊ, गुलाबीसर, त्याला केवड्याचा वास, आणि आत अभ्रकाची पूड चमचमत होती. व्यापाऱ्याने बोटभर मेण जवळच्या खांबाला लावलं आणि खांब लगेच लखलखला. थांबायला नको, घासायला नको, असं त्याचं म्हणणं. "तुमच्यासारख्या जाणकाराला मी काय सांगावं," असंही तो म्हणाला. जाणकार म्हटलं की माणूस काय वाटेल ते विकत घेतो. हसू नका, तुमच्याही फडताळात अशी एखादी डबी असेल.

झिलईदार डबी घेऊन घरी आला. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी मान न वळवता नुसता वास घेतला.

"जावईबापू, हे रथाला लावायचं की नवरीच्या वेणीला?"

झिलईदाराने डबी पाठीमागे धरली. आतून बायको हसल्याचा आवाज आला.

सासूबाई उठून आत गेल्या आणि फडक्यात बांधलेला एक गोळा घेऊन आल्या. पिवळट तपकिरी, जुन्या गुळाच्या ढेपेसारखा. सासरे करत तसंच ते मेण होतं. मधमाश्या सोडून गेलेली जुनी पोळी गरम पाण्यात वितळवायची, कापडातून गाळायची, वर तरंगतं ते मेण थंड झालं की काढून घ्यायचं. मग त्यात कठीणपणासाठी थोडी राळ, पसरावं म्हणून थोडं जवसाचं तेल. झिलईदाराने त्यावर नख दाबून पाहिलं. नखच दुखलं.

त्याने विचारलं, हे मेण आहे की धोंडा. सासूबाई म्हणाल्या, "जे नखाला दाद देत नाही ते धुळीलाही देत नाही. मऊ मेण सगळ्यांना जवळ करतं, जावईबापू. माशीलासुद्धा."

दोन दिवस घरात हाच वाद. झिलईदार म्हणे, हे लगेच चमकत नाही. सासूबाई म्हणत, लगेच कशाला चमकायला हवंय, सीमा काय अंगणात आहे? शेवटी त्यांनीच तोड काढली. रथाची एक बाजू त्यांना द्यावी. त्याची बाजू सरस ठरली तर त्या पुन्हा रथशाळेत पाऊल ठेवणार नाहीत.

हे आमिष काही लहान नव्हतं. झिलईदाराने विचार केला. डावी बाजू रथशाळेत भिंतीकडे असते. राजा मिशी पाहतो ती उजव्या बाजूत. सीमेवर समोर येते तीही उजवीच. म्हणजे डावीवर म्हातारीने शेण सारवलं तरी बिघडत नाही. त्याने फार मोठं मन करून डावी बाजू सासूबाईंना दिली.

त्यांचे गुडघे दुखत, म्हणून खालच्या फळ्या त्यालाच करायला लावल्या. आधी त्यांनी रथ दोनदा धुवून घेतला. तो म्हणाला, एकदा पुरे. त्या म्हणाल्या, मेणाखाली धूळ राहिली तर आपण धुळीलाच पांघरूण घालतो. मग रथ सावलीत पूर्ण वाळू दिला. मग लाकडावर तळहात ठेवायला लावला, गार आहे की नाही ते पाहायला. तापल्या लाकडावर मेण लावलं तर ते बसायच्या आधीच आळतं. झिलईदाराने इतकी वर्षं रथ भर उन्हातच चोपडला होता, कारण बघणारी माणसं उन्हात उभी असत.

मग त्यांनी हरभऱ्याएवढं मेण फडक्यावर घेतलं. तो चकित झाला. एवढ्याने काय होणार? पण त्या एकेका फळीवर ते मेण गोल गोल फिरवत राहिल्या, ते दिसेनासं होईपर्यंत. फळी चमकायची सोडून उलट धुकट झाली, थंडीत आरशावर श्वास टाकावा तशी. झिलईदाराला मनातून फार बरं वाटलं.

"आता काय?" त्याने विचारलं.

"आता पावटे," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी सूपभर पावट्याच्या शेंगा आणल्या होत्या. रथाला टेकून बसून त्या शेंगा सोलू लागल्या. झिलईदार उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. दोनदा त्याने फडकं उचललं आणि दोनदा त्यांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. सूप रिकामं झालं तेव्हा त्यांनी फळीवरून एक बोट ओढलं. बोटामागे स्वच्छ काळी रेघ उठली आणि बोटाला काही चिकटलं नाही. तेव्हा कुठे त्यांनी जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा काढला आणि फळी पुसली.

धुकटपणा गेला. खाली जी चमक होती ती डोळ्यांत घुसणारी नव्हती. विहिरीच्या तळाशी पाणी दिसावं तशी ती खोल होती. झिलईदाराने ती पाहिली आणि पाहिली नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच सगळं पुन्हा करायला लावलं. तो कुरकुरला, कालच तर झालं. सासूबाईंनी दुसऱ्या सुपातल्या शेंगा पुढे ओढल्या.

तिसऱ्या दिवशी उजव्या बाजूची पाळी. झिलईदाराने रथ अंगणात काढला, ऊन चांगलं तापू दिलं आणि गाव जमू दिलं. मग डबी उघडून भाकरीवर लोणी थापावं तसं मेण थापलं. पोरांचा विटीदांडूचा एक डाव संपायच्या आत काम झालं. उजवी बाजू अशी झगमगली की कावळे दचकून उडाले. लोक वाहवा म्हणाले. डबी संपली होती.

निघायच्या दिवशी राजाने उजव्या फळीत पाहून मिशीला पीळ दिला, आणि अभ्रकामुळे मिशी सोन्याची दिसली. राजा खूश. टाळ्या तर अशा पडल्या की झिलईदार चार बोटं उंच झाला. सासूबाई मागे उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "डबी टाकू नका हं, जावईबापू. डबी छान आहे."

रथ निघाला. झिलईदार मागच्या फळीवर बसला होता.

पहिल्या दिवशी उजवी बाजू चमकत होती. दुपारी तिला एक माशी चिकटली. झिलईदार म्हणाला, एकच आहे. दुसऱ्या दिवशी लाल माती उडू लागली आणि उडालेली माती उजवीकडेच मुक्कामाला राहू लागली. संध्याकाळपर्यंत तिथे तीन माश्या, एक गवताची काडी आणि कुणाच्या तरी कोंबडीचं पीस होतं. त्याने पीस उपटून पाहिलं. पीस आलं नाही, त्याच्या बोटांना मात्र चिकट लाल गारा लागला.

डाव्या बाजूला जायचं तो टाळत होता. पण घोड्यांना पाणी दाखवायला त्याला पलीकडे जावंच लागलं. डाव्या फळ्यांवरही माती होती, पण ती ताटात सांडलेल्या पिठासारखी नुसती पडलेली होती. त्याने हळूच फुंकर मारली. माती उडाली आणि आतून त्याचं तोंड त्याच्याकडे पाहू लागलं. त्या रात्री त्याला भाकरी गोड लागली नाही.

तिसऱ्या दिवशी रथ सीमेच्या दगडापाशी पोचले. उजव्या बाजू समोरासमोर आल्या. झिलईदाराने कोरडं फडकं घेतलं आणि नियमाप्रमाणे एक हात फिरवला. पायाखाली विस्कटलेल्या रांगोळीसारखं काहीतरी फळीवर उमटलं.

शेजारचा राजा जवळ आला, वाकला, डोळे बारीक केले. तो सभ्य माणूस होता. "मला माझं तोंड दिसत नाही," तो म्हणाला. "एक पीस दिसतंय."

आपल्या राजाला शेजारच्या रथात स्वतःचं तोंड दिसलं, जरा धुरकट, पण दिसलं, आणि त्याने तसं सांगितलंही; सांगताना त्याच्या मिशा खाली आल्या. झिलईदाराचा हात किल्लीवर गेला. तेवढ्यात त्याला डावी बाजू आठवली. तो राजाच्या कानाशी लागला आणि रथ फिरवू देण्याची परवानगी मागू लागला. आपला राजा घुटमळला, पण शेजारच्याने ऐकलं होतं. तो म्हणाला, नियम रथाचा आहे, फिरवायला कुणी बंदी केलेली नाही. फिरवा.

रथ फिरवला. डावी बाजू समोर आली, मातीने लाल. झिलईदाराने फडक्याचा एकच हात फिरवला आणि दाणे टिपणाऱ्या चिमण्या उडाव्यात तशी माती निघून गेली.

शेजारचा राजा वाकला. मग त्याने फळीत पाहून दाताच्या फटीत अडकलेला तीळ नखाने काढला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "पहिली पाळी तुमची."

ढोल वाजू लागले. आपल्या राजाने झिलईदाराच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच्या हातांचं कौतुक केलं. झिलईदाराने मान झुकवली. खालच्या फळ्या आपणच केल्या होत्या, हे त्याला एकदम आठवलं, आणि आठवता आठवता त्या फळ्या वाढत वाढत वरपर्यंत गेल्या. तो म्हणाला की सगळी महाराजांची कृपा, आपण आपले हात चालवले इतकंच.

शेजारच्या राजाला मात्र राहवेना. मेण कसलं, किती, कसं, सगळं त्याने विचारून घेतलं आणि झिलईदार ऐटीत सांगत गेला.

"आणि लावल्यावर पुसायच्या आधी किती थांबलात?"

"सूपभर पावटे सोलून होईपर्यंत," झिलईदार म्हणाला.

ढोल थांबले नव्हते, पण त्याला थांबल्यासारखे वाटले. आपला राजा त्याच्याकडे पाहत होता.

"रथशाळेत पावटे कुणी सोलले?" राजाने विचारलं.

मी, असं म्हणायला झिलईदाराने तोंड उघडलं. समोर डावी फळी होती. तिच्यात त्याला स्वतःचं उघडं तोंड दिसलं. इतकं स्वच्छ दिसलं, की त्यातून काय बाहेर पडणार आहे तेही दिसलं. त्याने तोंड मिटलं.

मग तो म्हणाला, "सासूबाईंनी. ही बाजू त्यांची आहे, महाराज. पीस चिकटलंय ती माझी."

कुणी सांगायच्या आधीच त्याने कंबरेची किल्ली सोडली आणि दगडावर ठेवली. ठेवताना तिचा आवाज झाला तो फार लहान होता, पण त्याला पुष्कळ दिवस ऐकू येत राहिला.

राजाने मिशीला हात लावला. कौल द्यायचा असला की तो तसं करी. "पाळी मिळाली, तेव्हा किल्ली दगडावर राहायचं कारण नाही," तो म्हणाला. "पण ती चुकीच्या कंबरेला होती. घरी घेऊन जा, आणि जिथे असायला हवी तिथे दे."

तीन दिवसांची वाट झिलईदार किल्ली मुठीत धरून आला. घरी सासूबाई ओसरीवरच होत्या. त्याने किल्ली त्यांच्यापुढे ठेवली आणि झालं ते सगळं सांगितलं, पीससुद्धा. त्या हसल्या नाहीत. किल्ली त्यांनी कनवटीला लावली, जशी काही ती तिथेच होती आणि मध्ये नुसती फिरायला गेली होती.

"उद्या उजवी बाजू," त्या म्हणाल्या. "गरम पाणी, रिठे आणि तुम्ही."

उजवी बाजू खरवडून लाकूड दिसायला नऊ दिवस लागले. चोपडायला विटीदांडूचा एक डाव लागला होता, हे त्या नऊ दिवसांत त्याला रोज आठवलं. मग तिलाही गोळ्यातलं मेण लागलं, हरभऱ्याएवढं, फळीमागून फळी. पावट्याच्या शेंगा आता तोच सोलू लागला. पुढच्या वर्षी पाळी मिळाली, त्याच्या पुढच्याही वर्षी मिळाली. राजवाड्याच्या दारात रथ पूर्वीइतका झगमगत नसे. टाळ्याही कमी पडत. झिलईदार आहे तेवढाच उंच राहिला.

रोज सकाळी तो ओसरीवर येऊन किल्ली मागे. रोज सासूबाई म्हणत, "आधी हात धुवा, जावईबापू." मग सोनेरी डबी उघडून त्या चिमूटभर तपकीर ओढत. डबीचा केवडा काही जात नव्हता, त्यामुळे त्यांना एकाऐवजी तीन शिंका येत, आणि तिसऱ्या शिंकेला किल्ली मिळे.

आता तुम्ही रथवाले असा की बैलगाडीवाले, यातून घ्यायचं ते एवढंच: दारातली वाहवा दारातच राहते, मुक्कामाला पोचतं ते थांबून, पातळ हाताने केलेलं काम.